कॉम्प्युटरले पानी टाकलं का?

घरात नवीन लेकरू आलं की त्याचे किस्से व्हायला लागतात. आमच्या घरात लागोपाठ दोन आले. एक आमची यशू आणि दुसरा कॉम्प्युटर! यशूचे किस्से मी सांगायला बसले की बचत गटातल्या बाया जांभया देतात. "आमच्यावाल्यानंही असंच केलं होतं" म्हणतात. कॉम्प्युटरचं नाव काढलं की मात्र सगळ्या सरकून जवळ बसतात. कारण तसलं लेकरू आमच्या इंझोरी गावात दुसऱ्या कोणाला झालेलं नाही!

आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला होता. आमचे हे आधी कारंज्याच्या एका स्टुडिओवाल्यासाठी लग्नात कॅमेरा धरायचे. शूटिंग ह्यांचं, एडिटिंग स्टुडिओत. ह्यांनी ठरवलं की आता शूटिंगही आपलं आणि एडिटिंगही आपलं, घरीच. पण अट अशी घातली, की पहिल्या लग्नाच्या व्हिडिओवरून दुसरं लग्न मिळालं तर इथंच राहायचं. नाही मिळालं तर पुण्याकडे कंपनीत. तिकडे मित्रानं बोलून ठेवलं होतं. कंपनीत गेलेला माणूस सणाला येतो, तेही सुट्टी मिळाली तर. यशू तेव्हा नुकतीच "बाबा" म्हणायला शिकली होती. म्हणून तो कॉम्प्युटर चालणं ही ह्यांच्यापेक्षा माझीच गरज होती!

*

ह्यांना कॉम्प्युटर एडिटिंगसाठी हवा होता. माझे दीर, सुमेध, कॉलेजात आहेत, त्यांना तो गेमसाठी हवा होता. दोघांचं भांडण नको म्हणून असं ठरलं की दोन्ही कामं करेल असा बनवायचा, पण स्वस्तात. तयार मिळतो तो महाग पडतो. म्हणून एकेक पार्ट बघून घ्यायचा आणि घरीच जोडायचा.

मग काय! पहिल्यांदा रॅम आली. आठ दिवसांनी मदरबोर्ड आला. मग प्रोसेसर, तो तर पापडाच्या तुकड्याएवढा! सासूबाई रोज एकेक डबी उघडून पाहायच्या आणि झाकून ठेवायच्या. एके दिवशी त्यांना राहवलं नाही.

"काहून रे, कॉम्प्युटर आनाचा तर अख्खा आन ना! तुकडे तुकडे काय आनून राह्यला?"

"आई, हे असंच असते. आमी जोडू ना घरी."

"म्हैस घ्याले गेला तर काय आज शिंगं आनशीन अन् उद्या शेपूट?"

सुमेधभाऊ म्हणाले, "आई, यात फायदा असते. जे पाहिजे तेवढंच घेता येते."

"हाव का? मंग दूध देते तेवढाच भाग आना, बाकीचे राहू द्या!"

*

स्क्रीन अकोल्याहून आणली. वापरलेली होती, पण चांगली. दुकानदारानं ती एका पोत्यात गुंडाळून दिली. ह्यांच्या दोन्ही हातांत पार्ट बसवायच्या कॅबिनेटचा खोका, माझ्या एका हातात यशू आणि दुसऱ्या हातात स्क्रीन. एसटीला ही गर्दी! हे मागच्या दारापाशी खोका धरून उभे राहिले, मला कशीबशी पुढं एका म्हाताऱ्या बाईजवळ जागा मिळाली.

आता मांडी एक आणि घ्यायचे दोन. मी विचार केला, लेकराला धक्का लागला तर ते रडेल आणि गप्प होईल. स्क्रीनला धक्का लागला तर आपण रडू आणि गप्प होणार नाही! मी यशूला त्या म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर दिलं आणि स्क्रीन पदराखाली घेऊन दोन्ही हातांनी कवटाळून बसले. खड्डा आला की मी स्क्रीनला छातीशी धरायची. यशू आपली मजेत म्हातारीच्या पिशवीतले फुटाणे खात होती.

कंडक्टर आला. त्यानं एकदा यशूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हे लेकरू कोनाचं?"

"माझं."

"अन् हे मांडीवर काय हाय?"

"टीव्ही आहे. कॉम्प्युटरचा."

"वा! लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर अन् टीव्ही पदराखाली! बाई, लेकराले तिकीट नसते, पन याचं मात्र लागन!"

मी घाबरले. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "राहू दे ना भाऊ. पहिलटकरीन दिसते. नवीन नवीन जीव लागतेच!"

*

प्रोसेसरवर पंखा बसवण्याआधी एक करड्या रंगाची पेस्ट लावतात. ती इंजेक्शनसारख्या नळीत येते. जोडायच्या आदल्या दिवशी नळी पेटीतून गायब! दोघे भाऊ शोधत होते आणि मी यशूला शोधत होते. यशू सापडली ती न्हाणीघराच्या मागे. तोंड पूर्ण करडं! ओठ करडे, जीभ करडी, हात करडे!

मी अशी ओरडले की गल्लीतले लोक जमा झाले. बोट घालून तोंड पुसलं, पाणी पाजलं. ह्यांनी गाडी काढली. कारंज्यापर्यंत मी यशूला हलवून हलवून विचारत होते, "बाई, पोटात दुखते का? डोळे उघड!" ती बिचारी गाडीवर बसायला मिळालं म्हणून टाळ्या वाजवत होती.

डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. बॅटरी लावली. वास घेतला. मग मला विचारलं, "घरी चूल आहे का?"

"आहे. आंघोळीचं पाणी तापवायला."

"मग तिला राखेपासून लांब ठेवा. राख खाल्ली आहे पोरीनं."

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. सुमेधभाऊ होते. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आला. "भाऊ! नळी सापडली! मदरबोर्डाच्या खोक्यात होती! पूर्ण भरलेली हाय!" मग जरा थांबून, "अन् यशू कशी हाय?"

घरी आल्यावर मी सासूबाईंसमोर रडायला लागले. त्या चुलीपुढचं झाडत म्हणाल्या, "उगी राह्य. राखेनं काय होते? तिचा बाप अर्धी चूल खाऊन मोठा झाला!"

*

चालू करायचा दिवस रविवारचा. माझे सासरे गावच्या बुद्धविहारात वंदना घेतात. त्यांचं म्हणणं, घरात कामाची वस्तू आली आहे, तर आधी वंदना. सकाळी सगळे आंघोळ करून पांढरे कपडे घालून बसले. मेणबत्ती, फुलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग ह्यांनी बटण दाबलं.

पंखे फिरले! लाल, निळे, हिरवे लाइट लागले! यशू नाचायला लागली! आणि स्क्रीन... काळी. नुसती काळी. त्यावर एक इंग्रजी अक्षरांची पट्टी इकडून तिकडे फिरत होती.

सासूबाईंनी विचारलं, "काय लिहून राह्यला तो?"

"सिग्नल नाई म्हनते," सुमेधभाऊ म्हणाले.

"मंग गच्चीवर नेऊन पाहा ना! माहा मोबाइल तर तिथंच लागते!"

दोघा भावांनी सगळं उघडलं. रॅम काढली, लावली. ग्राफिक्स कार्ड काढलं, लावलं. जेवणाची वेळ झाली, कोणी उठेना. माझ्या डोळ्यांपुढं पुण्याची गाडी दिसायला लागली. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "मले वाटते, कोनाची तरी नजर लागली." ते सासऱ्यांनी ऐकलं!

"नजर-बिजर काही नसते! सकाळीच वंदना झाली ना घरात? कारन शोधा, कारन!"

शेवटी ह्यांनी अकोल्याच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, "स्क्रीनची वायर कुठं लावली?"

"मागं. वरच्या खाचेत."

"ती मदरबोर्डाची. खाली कार्डाची खाच आहे, तिथं लावा."

वायर काढून खाली लावली. स्क्रीन उजळली! सासऱ्यांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, "साधू! साधू! साधू!" आम्हीही सगळे म्हणालो.

मग त्यांनी डोळे उघडले, दोन्ही लेकांकडे पाहिलं आणि त्याच शांत आवाजात म्हणाले, "अन् तुमी दोघं गधे!"

*

चौथ्या-पाचव्या दिवशी झाडताना माझा हात कॅबिनेटला लागला आणि मुंग्या आल्या. करंट! मी झाडू तिथंच टाकला आणि सांगून दिलं, "एक तर हा डबा या घरात राहील, नाही तर मी आणि यशू!" सुमेधभाऊ म्हणाले, "वहिनी, थोडासाच येते." मी म्हटलं, "तर मग तुम्हीच धरून बसा!"

मानोऱ्याहून वायरमन आला. म्हणाला, घराला अर्थिंगच नाही. घरामागं खड्डा खोदला, त्यात कोळसा आणि मीठ घातलं, लोखंडी रॉड रोवला, वायर घरात आणली. मुंग्या बंद! जाता जाता तो म्हणाला, "खड्ड्यात ओल राह्यली पाहिजे. अधूनमधून पानी टाकत जा."

अधूनमधून कशाला! सासूबाईंनी ते काम आपल्याकडे घेतलं. रोज सकाळी कढीपत्त्याला एक तांब्या आणि खड्ड्याला एक बादली. संध्याकाळची बादली माझ्याकडे. शेतातून येताना वेशीपासूनच मला हाक, "सूनबाई! कॉम्प्युटरले पानी टाकलं का वं?"

शेजारच्या वच्छलाकाकूंनी एकदा कुंपणावरून पाहिलं.

"काय करून राह्यली वं, यशूच्या आजी?"

"कॉम्प्युटरले पानी टाकून राह्यली."

"कुठी हाय कॉम्प्युटर?"

"घरात. पन त्याचं मूळ इथं हाय!"

वच्छलाकाकू काही बोलल्या नाहीत. पण गल्लीत बोलल्या असणार. कारण आठवडाभरात त्या दोघी-तिघींना घेऊन आल्या, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "काई उगवलं का वं?"

*

कॉम्प्युटर चालू असेपर्यंत त्या कॅबिनेटचे लाइट बंद होत नाहीत. स्वस्तातला आहे, बटणच नाही. यशूला त्यांची अशी सवय लागली की दुपारी कॉम्प्युटर चालू केल्याशिवाय झोपेना. मी पाळणा हलवायची, ती कॅबिनेटकडे बघत बघत झोपायची.

तेव्हापासून सुमेधभाऊंचं यशूवर फार प्रेम! कॉलेजातून आले की दप्तर टाकायच्या आत म्हणायचे, "वहिनी, यशूले झोप आली वाटते!"

यशू अंगणात कोंबडीच्या मागं पळत असायची!

*

मग सोयाबीन निघालं. गावात मळणीयंत्रं सुरू झाली की आठ-पंधरा दिवस हवेत नुसता भुसा. पाण्यात भुसा, भाकरीत भुसा. आणि त्याच दिवसांत कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. एडिटिंगचा सराव करताना बंद, गेममध्ये बंद. सुमेधभाऊ जिंकायला येत आणि स्क्रीन काळी! ते कपाळाला हात लावत. म्हणायचे, कार्ड गेलं. हे म्हणायचे, एसएमपीएस गेला. एसएमपीएस म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा. पहिलं लग्न तोंडावर आलेलं. ह्यांनी तर पुण्याच्या मित्राला फोनही करून ठेवला. मी रात्री जेवले नाही.

मग एका दुपारी मी बघते तर सासूबाई चालू कॉम्प्युटरला माझ्या बाळंतपणातल्या गोधडीत गुंडाळत होत्या! समोरून, मागून, वरून. गाठसुद्धा मारली!

"आई! हे काय?"

"भुसा जाते ना वं त्याच्यात. मी तर रोजच झाकतो."

"पण सुमेधभाऊ खेळत असताना?"

"त्याचं ध्यान तिकडे असते. मी हळूच मागून टाकतो, त्याले समजत नाई!"

हे सगळं ऐकून ह्यांनी डोकं धरलं. "आई, तो आतून तापते! त्याले हवा पाहिजे! म्हनूनच बंद पडून राह्यला!"

सासूबाईंनी कॅबिनेटवर हात ठेवून पाहिला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात.

"तापलाच होता तो," त्या म्हणाल्या. "मले वाटलं थंडीताप हाय. म्हनून तर गोधडी जाड घेतली!"

*

पहिल्या लग्नाचं शूटिंग झालं, पण हे शेतात गेले की एडिटिंग थांबायचं. मी म्हटलं, मला शिकवा. मी सातवी शिकलेली, माउस कधी हातात धरला नव्हता. सुमेधभाऊ म्हणाले, "वहिनी, हात बसाले गेमसारखं दुसरं काई नाई," आणि त्यांनी मला गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून दिला.

मी गाडी सुरू केली. वळण आलं, हळू केली. पुढं खांब दिसला, ब्रेक मारला.

"वहिनी, दाबा! शर्यत हाय!"

"अहो, मागून गाडी येते ना!"

"येऊ द्या ना!"

मी गाडी बाजूला घेतली. त्याला साइड दिली. मग दुसऱ्याला दिली. सगळ्यांनाच दिली. सुमेधभाऊ खुर्चीमागं उभे राहून केस ओढत होते. "वहिनी, तुमी शेवटल्या आल्या! एकदम शेवटल्या!"

मी म्हटलं, "पण कोणाला लागलं तर नाही ना!"

तरी हात बसला. आठवड्यात मी लग्नाच्या शूटिंगमधले हललेले, नुसती जमीन दिसणारे तुकडे काढायला लागले. मेथी निवडण्यासारखं काम आहे. चांगलं इकडे, पिवळं पान तिकडे!

*

आणि मग तो दिवस आला. पहिलं लग्न मानोऱ्याजवळच्या एका शेतकऱ्याच्या पोरीचं होतं. व्हिडिओ तयार झाला. ह्यांनी म्हटलं, पेनड्राइव्ह आणून देतो. नवरीचे वडील म्हणाले, "नाई, आमी तिथंच येऊन पाहतो." आम्हाला वाटलं दोघं-तिघं येतील. दुपारी दारात टेम्पो उभा राहिला आणि त्यातून अख्खी वरात उतरली! आत्या, काका, लेकरंबाळं, आणि सर्वांत शेवटी फेटा बांधलेले नवरीचे मामा, मामीसोबत.

आमच्या त्या एवढ्याशा खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. मामांना खुर्ची. व्हिडिओ सुरू झाला. काय आनंद सांगू! "हे पाह्य आत्या!" "हे पाह्य आपला गोलू, जिलबी खाऊन राह्यला!" ज्याचं तोंड दिसेल तो लाजायचा आणि पुन्हा लावायला सांगायचा. मी स्वयंपाकघरात चहा करता करता कान देऊन होते. हे माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, जमलं!

तेवढ्यात मामा नवरीला मांडवात आणतात तो भाग आला. नवरी स्पष्ट दिसत होती. मामांच्या पुढं मात्र कोणीतरी मोबाइल धरला होता. मामांचं फक्त कोपर दिसलं. मांडवातून पुढं गेलं ते कोपरच!

व्हिडिओ संपला. सगळे मामांकडे बघत होते.

"झालं?" मामा म्हणाले. "एवढ्या लग्नात माहं कोपरच आलं?"

"मामा, गर्दी होती..." हे म्हणाले.

"मी त्या लग्नाले गेलतो की नाई, उद्या कोनी इचारलं तर काय कोपर दाखवू?"

नवरीच्या वडिलांचं तोंड उतरलं. मामा रुसला म्हणजे काय ते आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पुढची चार लग्नं तो पाय ठेवत नाही आणि कोणाला ठेवू देत नाही! हे फाइली उघडत होते, बंद करत होते. मामा कुठंच नव्हते.

मामा कुठं आहेत ते मला माहीत होतं. निवडताना मला एक तुकडा सापडला होता. हे जेवायला गेले तेव्हा कॅमेरा मांडवामागं खुर्चीवर चालूच राहिला होता. तो तुकडा कामाचा नव्हता, पण पुसायला माझा हात झाला नव्हता. दाखवावा तर मामा आणखी भडकतील. नाही दाखवावा तर रुसून चाललेच आहेत. मी यशूला सासूबाईंकडे दिलं, पुढं गेले आणि ह्यांच्या हातातून माउस घेतला.

"थांबा," मी म्हटलं. "मामा आहेत."

तुकडा लावला. मांडवामागची जागा, धडधडणारा जनरेटर, लांबून बँडचा आवाज. मामा एकटेच आले. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. फेटा काढून जनरेटरवर ठेवला. खिशातून रुमाल काढला, एक टोक दातात धरलं, दुसरं हातात, आणि जे नाचायला लागले! काय ती कंबर, काय ते खांदे! नाचता नाचता गुडघ्यावर बसले, मागं वाकले, तसेच डुलत डुलत पुन्हा उठले. बँड थांबला तसा रुमाल खिशात, फेटा डोक्यावर, आणि पुन्हा एकदा डावीकडे-उजवीकडे पाहून मामा गंभीर चेहऱ्यानं निघून गेले.

सगळ्यांच्या माना मामींकडे वळल्या.

मग मामी बोलल्या. "मले तं म्हने, माहे गुडघे दुखते!"

असा हशा फुटला की यशू दचकून रडायला लागली. बायांनी पदर तोंडात कोंबले. नवरीचे वडील भिंतीकडे तोंड करून हसत होते. मामा उठले. कोणाकडे न बघता बाहेर गेले. चप्पल घातल्याचा आवाज आला.

हे माझ्याकडे बघत होते. मी फरशीकडे. गेलं दुसरं लग्न. माझ्या हातानंच मी ह्यांना पुण्याला पाठवलं!

"ओ, शूटिंगवाले!" दारातून आवाज आला.

मामा उंबऱ्यावर उभे होते. फेटा नीट करत होते.

"जी मामा?"

"वैशाखात माह्या पोरीचं लगन हाय. शूटिंग तुमचंच."

ह्यांनी नुसती मान हलवली. मामांनी आत वाकून मामी कुठं आहेत ते पाहिलं, मग आवाज खाली घेतला.

"अन् कॅमेरा जनरेटरच्या मांगंच ठेवजा!"